सैल आळा

दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षकाला वाचायची मनाई, बोलायची मनाई, मोबाइल तर आधीच कार्यालयात जमा. उरतं ते फिरणं. गेली एकवीस वर्षं मी दर मार्चात अशी फिरते आहे. सगळ्या फेऱ्या एकापुढे एक ठेवल्या असत्या तर केजहून काशीला जाऊन परत आले असते, आणि निदान पुण्य तरी लागलं असतं. इथं फक्त पायाच्या पोटऱ्या दुखतात. एक काम मात्र मी मन लावून करते. पोरींनी पुरवणी मागितली की ती उत्तरपत्रिकेला दोऱ्यानं बांधून देते. माझी गाठ सुटत नाही अशी केंद्रावर ख्याती आहे. पेपर तपासणाऱ्यांना कात्री घ्यावी लागते म्हणे.

यंदा पहिल्याच पेपरला वर्गात पंखे घरघरत होते, पोरी माना खाली घालून लिहीत होत्या आणि खिडकीबाहेरून कडब्याची ट्रॉली गेली. इतकी भरलेली, की वरच्या पेंढ्या खिडकीच्या गजांना घासून गेल्या. एक पान गजात अडकून राहिलं. मागोमाग वास आत आला. कोरडा, धुळकट, थोडा गोडसर, घशात बसणारा वास. तिसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या पोरीनं मान वर करून एकदा नाक ओढलं आणि परत लिहायला लागली. मी मात्र खिडकीपाशी उभी राहिले ती राहिलेच. मागच्या बाकांवर तेवढ्यात काय काय देवाणघेवाण झाली ते देव जाणे.

त्याच आठवड्यात बीडहून एका छोट्या वार्षिकाच्या संपादकबाईंचा फोन आला होता. "मॅडम, आईवर विशेषांक काढतोय. सगळे रडवणार आहेत. तुम्ही हसवा."

मला हे सांगावं लागतं, कारण हीच माझी नोकरीबाहेरची नोकरी आहे. आमच्या भावकीत कुठंही बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं झाली, पानसुपारी फिरली, की कुणीतरी म्हणतंच, "शोभे, ते पेंढीचं सांग." एकदा तर चुलत्याच्या दहाव्याला माणसं फार गप्प बसली म्हणून मला सांगायला लावलं. मी सांगितलं. माणसं हसली. चुलतीसुद्धा हसली आणि मग तोंडाला पदर लावून जी रडायला लागली, की मला कळेना माझा विनोद जमला की फसला.

तर, आईवर लिहायचं. मी मास्तरीण असल्यानं आधी अभ्यास केला. शाळेच्या कपाटातून जुने विशेषांक काढले आणि रविवारभर लोकांच्या आया वाचल्या. बऱ्याच लेखांतली आई कधी झोपत नाही. तिला भूक लागत नाही, राग येत नाही, आणि तिच्या टाचांना भेगा असतातच. माझी माय ज्वारीच्या पोत्याला टेकली तरी घोरायची, आणि रागाचं म्हणाल तर गल्लीतली कुत्री तिचा आवाज ऐकून रस्ता बदलायची. काही लेखांतली आई एकटीच जगाशी लढते, वाक्यागणिक जिंकते. अलीकडच्या मुली लिहितात ते लेख वेगळे. लहान लहान वाक्यं. आई पिंजऱ्यात उभी, मुलगी वकील. ते वाचताना मी मध्येच उठून पाणी पिऊन आले, कारण माझीही एक मुलगी आहे, मुक्ता, पुण्यात शिकते, आणि तिच्याकडं पेन आहे.

या सगळ्यांत मला माझीच रीत बरी वाटली. हसवणाऱ्या लेखात आई खोटं बोलू शकते, शिव्या देऊ शकते, देवाला नवस बोलून विसरू शकते. म्हणून मला कायम वाटत आलं, की बाकीचे देव्हारे मांडतात आणि खरी आई फक्त मीच लिहिते. ह्या गर्वात मी बसले आणि एका बैठकीत पेंढीचं लिहून काढलं.

ते असं. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. मी दहावीत होते त्या वर्षी ऐन हंगामात आबांच्या, म्हणजे वडिलांच्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं. माय त्यांना घेऊन घरी आली. टोळीत आमच्या कोयत्याची जागा रिकामी झाली आणि आगाऊ घेतलेली उचल अंगावर राहिली. टोळीचा मुकादम शब्दाचा पक्का आणि मिशीचा त्याहून पक्का. तो एका लग्नाच्या पोराला आणि त्याच्या बापाला घेऊन आमच्या दारात उभा. एक कोयता परत आला, तर ह्या घरातून एक पोरगी द्या, पोराची जोडी लावू, कोयता पुरा करू. पोरीला काम येतं का बघायचं होतं. ऊस तर गावात नव्हता. मग मुकादम म्हणाला, "कडब्याची पेंढी बांधून दाखव. पेंढी जमली तर उसाची मोळी जमती."

रानात ज्वारी काढलेली. मी पुस्तक बांधावर ठेवलं, पेंढी बांधली. मुकादमानं ती गाडीवर फेकायला डोक्याच्या वर उचलली आणि सगळा कडबा सुटून त्याच्या अंगावर. टोपी गेली, ज्वारीचं एक ताट कानात, मिशीत पाचोळा. त्यात आमची शेळी दावं तोडून आली आणि मुकादमाच्या खांद्यावरचा कडबा खायला लागली. मुकादम म्हणाला, "ही पोरगी फडात नेली तर ऊस जाईल माघारी आन टोळी जाईल कारखान्यात." मी नापास. माय पदरात तोंड घालून हसत होती. आणि मग माझं ठरलेलं शेवटचं वाक्य: अशी मी पेंढीत नापास झाले, म्हणून दहावीत पास झाले.

तीस-बत्तीस वर्षं मी हे सांगते आहे. टाळ्या कुठं येतात हे मला पाठ आहे.

माझी एक रीत आहे. लिहिलेलं आधी मायला वाचून दाखवायचं. तिला वाचता येत नाही, पण ती कान देऊन ऐकते. आबा गेल्यापासून ती माझ्याकडंच केजला असते. त्या संध्याकाळी ती मागच्या दारात सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत बसली होती. मी खुर्ची ओढून वाचायला लागले. मुकादमाची मिशी आली, ती हसली नाही. वाटलं, ऐकू कमी आलं. आवाज चढवला. शेळी आली. शेळीपाशी ती कायम म्हणते, "लई आगाऊ व्हती रांड." आज नुसते खडे वेचत राहिली. मी शेवटचं वाक्य वाचून कागदाची घडी घातली.

"पुढं?" माय म्हणाली.

"पुढं काय? संपला."

"आक्का कुठं हाय ह्यात?" माझ्या थोरल्या बहिणीचं विचारत होती.

"आहे की. शेळी हाकलते ती. दुसऱ्या पानावर."

"शेळी हाकलती," माय म्हणाली. तिनं सुपातला एक खडा उचलला, बघितला, टाकला. "शोभे, मेलेल्या मान्सावर लिव्हित्यात तसं लिव्हलंस तू माझ्यावर. म्या जित्ती हाय अजून."

"मग कसं लिहू?"

"म्या तुझ्या कानात काय म्हणले, ते लिही. आन आक्काला वाचून दाव."

आत कुकरची शिट्टी झाली. मला उठायला निमित्त मिळालं. पण मी काही लगेच उठले नाही. बत्तीस वर्षांत ती गोष्ट आम्ही दोघींनी एकमेकींशी एकदाही काढली नव्हती. मला तर कधी कधी वाटायचं, की ती विसरली.

"आत्ताच कावून?" मी विचारलं. घाबरले, की माझ्या तोंडात आपोआप गावाकडची भाषा येते.

"संक्रांतीला बघितलं न्हाईस का तिला? खाली बसता येईना. माझ्या लेकीनं माझ्यासमोर खुर्चीवर बसून हळदीकुंकू घेतलं, पाय लांब करून. पन्नास वर्साची बी न्हाई आजून. आन म्या बघ, म्हातारी, मांडी घालून बसले हाय." सूप तिनं खाली ठेवलं. "म्या मरून गेल्यावर तू आसंच सांगत बसशील. लोक हसतील. मला न्हाई तसं ऱ्हायचं."

दुसऱ्या दिवशी मुक्ताचा फोन आला. मी तिला कानातलं काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, की आजीला लेख आवडला नाही. ती म्हणाली, "आई, रागावू नकोस. तू स्वतःवर इतके विनोद करतेस ना, की समोरच्याला तुझ्याबद्दल काही बोलायला जागाच राहत नाही. तू आधीच सगळे गुन्हे कबूल करून टाकतेस. छोटे छोटे." मी म्हणाले, "जेवलीस का?" पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

पण ऐकलं ते ऐकलं. रात्र कशीबशी काढली आणि सकाळी केंद्रावर फेऱ्या मारता मारता आक्काच आठवायला लागली.

माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण दसऱ्यानंतर माय आणि आबा उसाच्या फडावर गेले, की घरात मी आणि दोन शेळ्या उरायचो आणि आम्हा तिघींकडं कुणीतरी बघायला हवं होतं. ट्रॅक्टर गावाबाहेर वळेपर्यंत आक्का रडायची. वळला, की पदर नसलेल्या परकराचा ओचा खोचायची आणि माय होऊन जायची. तिचा आवाजसुद्धा बदलायचा. "शोभे, हातपाय धू. शोभे, पाढे म्हण." वेण्या इतक्या घट्ट घालायची, की माझे डोळे वर ओढले जायचे आणि बाई विचारायच्या, ही पोरगी सारखी चकित का दिसते. भाकरी थापताना ती मला समोर बसवून धडा मोठ्यानं वाचायला लावायची. मी ओळी गाळायचे. तिला कळायचं. काटवटीवरचा पिठाचा हात तसाच माझ्या पाठीत बसायचा, आणि मी पाठीवर पाच पांढरी बोटं घेऊन शाळेत जायचे.

असे पाच हंगाम. वर्षातले सहा महिने माझी आई तेरा वर्षांची होती, मग चौदा, मग पंधरा.

गुढीपाडव्याच्या आसपास माय परत यायची. अंगाला उसाच्या पाचटाचा वास, हाताला चिरा. दारातून हाक मारायची, "ये शोभे." आणि मी आधी आक्काकडं बघायचे, जाऊ का म्हणून. आक्का मान हलवायची, मग मी जायचे. हे मायला दिसत असणारच. दिसून ती काय करत असेल, हे मी कधी लिहिलं नाही. ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं ना.

आता त्या दिवसाचं. पेंढ्या दोघींनी बांधल्या होत्या. मुकादमानं दोघींना बांधायला सांगितल्या. ज्या पोरीची बरी, ती घेऊन जाऊ. त्या माणसांना दोघींत काही फरक नव्हता. आबा खाटेवर पाय लांब करून आभाळाकडं बघत होते. पेंढी बांधायला आळा लागतो. दोन ओली ताटं घेऊन त्यांना पीळ द्यायचा, त्या पिळावर कडबा आडवा घालायचा, गुडघ्यानं दाबायचा, दोन पीळ देऊन टोक आत खोचायचं. मला हे येत होतं. उत्तम येत होतं. आठव्या वर्षापासून येत होतं, कारण शिकवणारी आक्का होती आणि सुटलेल्या पेंढीला पाठीत बोटं ठरलेली होती.

मी गुडघा टेकवून वाकले, तेव्हा माय ताटं सारखी करायच्या निमित्तानं माझ्या बाजूला आली. तिचा पदर माझ्या तोंडावर आला. माझ्या कानाशी ती म्हणाली, "आळा सैल सोड."

एवढंच. तीन शब्द. मी पंधरा वर्षांची होते, बाळ नव्हते. आपली सुटली, तर शेजारची टिकेल हे मला कळत होतं. मी एकच पीळ दिला.

टोपी पडली, कानात ताट गेलं, शेळी आली, सगळं खरं आहे. माणसं हसली तेही खरं. माझी गोष्ट तिथं संपते. पण रानात पुढं असं झालं, की मुकादमानं कपडे झटकले आणि आक्काची पेंढी उचलली. एका हातानं आळ्याला धरून हलवली. एक पान पडलं नाही. पोराच्या बापाकडं बघून तो म्हणाला, "हिला न्या."

आठ दिवसांत मारुतीच्या पारासमोर लग्न झालं. आक्का सतरा वर्षांची होती. नवरा चांगला की वाईट कुणी विचारलं नाही. आता म्हणते ती, की बरा निघाला, दारू उशिरा लागली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांच्या मधे ती बसली, नवी साडी, नवा कोयता. मला वाटलं रडेल. ट्रॉली हलली तशी ओरडून म्हणाली, "भूगोल पहिल्या धड्यापास्नं कर गं! नुसते नकाशे काढत बसू नगंस!"

मग परीक्षा. त्या दिवसांत भाकरी माय करायची आणि मी म्हणायचे, आक्काची पातळ असते. माय पुढची थापायला घ्यायची. पेपराला जाताना ती दारापर्यंत यायची आणि माझ्या वेण्यांकडं बघायची. त्या मीच घातलेल्या असायच्या, सैल. निकाल लागला. एवढं सगळं करून मला पंचावन्न टक्के पडले. पंचावन्न! घरातलं एक माणूस उठून गेलं त्याच्या बदल्यात निदान साठ तरी पाडायचे. हे वाक्यसुद्धा मी आत्ता विनोदाच्या सुरात लिहिलंय, बघा. हात वळणावर जातो.

मी सगळं परत लिहिलं. पाच वेळा. एकदा फार रडका झाला, तो मी रागानं फाडला. एकदा असा लिहिला, की वाचणारा म्हणेल, काय धीट बाई, किती खरं लिहिलंय! तो तर लगेच फाडला. शेवटी आक्काला तोंडी सांगितलं असतं तसं लिहिलं आणि रविवारी सकाळच्या एसटीनं नेकनूरला उतरले. तिथून पुढं आक्काची वस्ती, चालत अर्धा तास.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढलेली ज्वारी आडवी पडली होती. आक्काचा मुलगा-सून फडावर गेलेले. ह्या वर्षी ती पहिल्यांदाच गेली नाही. रानात मधोमध निळी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत आक्का, एक पाय लांब केलेला, समोर कडब्याचा ढीग. बसल्या जागी पेंढ्या बांधत होती. लांबूनच ओरडली.

"कोण हाय म्हणायचं हे? केजच्या मोठ्या बाई! शाळा बुडवली का?"

"आज रविवार आहे, आक्का."

"आमाला कुठला आईतवार. बस. नगं नगं, तिथं नगं, साडीला कुसं लागतील. तुझ्या साडीला म्या भेते."

मी कुसांवरच बसले. तांब्याभर पाणी प्याले. म्हणाले, "लेख लिहिलाय. मायवर. तुला वाचून दाखवायला आले."

"पेंढीचा?" तिचं तोंड हसायच्या तयारीला लागलं. "वाच वाच. मुकादमाला जरा जास्तीचं बोल, मेला तो आता."

मी वाचलं. वर आभाळ स्वच्छ होतं आणि होले घुमत होते. आक्का हातातलं काम थांबवत नव्हती. शेळी आली आणि गेली, ती गालात हसली. "आळा सैल सोड" आलं तेव्हा तिचे हात थांबले. मी खाली बघूनच वाचत राहिले, हिला न्या, ट्रॉली, भूगोल, पंचावन्न टक्के. कागद संपले. मी ते गुडघ्यावर सरळ करत बसले, जणू त्यांना इस्त्री करायची होती.

"सैल हाय हे मला तवाच दिसलं," आक्का म्हणाली.

"काय?"

"शोभे, तुला बांधायला कुणी शिकवलतं? दोन पीळ देऊन टोक आत. तू एकच दिला. म्या शेजारीच व्हते की, आंधळी न्हवते."

"मग बोलली का नाहीस? बत्तीस वर्षं..."

"काय बोलू? म्हणलं, पोरगी भेली. लेकरू हाय. पहिल्या वर्साला लई राग आला तुझा. फडात मोळी आवळताना तुझं नाव घेऊन आवळायचे. माझी एक मोळी कधी सुटली न्हाई, तुझ्या नावानं." ती हसली. खरंच हसली. "मग गेला राग. लेकरं झाली, कुठला ऱ्हातो राग. तू दरसाल सांगायचीस, लोकं हसायचे, म्या बी हसायचे. मनात म्हणायचे, यंदा पुढचं सांगल. यंदा सांगल."

मी तांब्या उचलला, रिकामा होता, परत ठेवला.

"पर मायनं सांगितलं हे न्हवतं ठाव," आक्का म्हणाली.

तिनं लांब केलेला पाय हातानं उचलून जवळ घेतला. बराच वेळ गुडघा चोळत बसली.

"मायला म्या एकदा म्हणलतं. पहिलटकरीण म्हणून घरला आलते तवा. म्हणलं, माय, शोभीनं आळा सैल सोडला व्हता, म्या बघितलं. पर तू तिला बोलू नगंस, ल्हान व्हती. माय म्हणाली, व्हय, न्हाई बोलत." आक्कानं माझ्याकडं बघितलं. "न्हाई बोलत म्हणाली, शोभे. चुलीकडं तोंड करून."

होले घुमतच होते. म्हणजे सगळी वर्षं आक्काच्या मनात गुन्हेगार मी होते, माफ केलेली. माय नव्हती. आक्काला फडावर काही नव्हतं तेव्हा एक माय होती, जिनं तिला सोडलं नव्हतं, नशिबानं नेलं होतं. ती मी आत्ता दोन पानांत काढून घेतली. वर मला वाटत होतं, की मी काहीतरी देऊन टाकायला आले आहे.

"तिनंच सांगितलं का वाचायला?"

"हो."

"तवा तुझ्या हातानं केलं, आता तुझ्या तोंडानं." आक्का वाकली, ढिगातली दोन ताटं ओढून माझ्या पुढ्यात टाकली. "बांध बरं एक."

मी बांधली. हात विसरले नव्हते. ताटांना पीळ, कडबा, गुडघा, दोन पीळ, टोक आत. बोटाला कूस गेलं. आक्कानं पेंढी आळ्याला धरून उचलली, हलवली, कान लावल्यासारखं करून परत हलवली आणि ढिगावर भिरकावली.

"येतंय की," ती म्हणाली. "आन गावभर सांगत फिरतीस, मला येत न्हाई म्हणून."

निघताना मी विचारलं, छापू का. म्हणाली, "छाप. पर शेळी काढू नगंस. शेळी खरी व्हती."

केजला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. माय पुढच्या दारात पायरीवर बसली होती. सकाळी गेले तेव्हा होती तिथंच. मी चप्पल काढेपर्यंत थांबली, मग विचारलं,

"हसली का?"

"न्हाई."

"शेळीपाशी?"

"शेळीपाशी थोडी."

"मग?"

मी सांगितलं. चुलीकडं तोंड करून हेही सांगितलं. ते सांगायचं नाही असं एसटीत ठरवलं होतं, पण राहवलं नाही. माझ्यावर बत्तीस वर्षं ढकललंस, असं काहीतरी बोलले मी, चांगलंच बोलले, शेजारच्या वहिनी गॅलरीत आल्या. माय ऐकत राहिली. उलटून एक शब्द नाही, आणि तिच्यासारख्या बाईनं उलटून न बोलणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना विचारा.

शेवटी म्हणाली, "एकीच्या हातात पुस्तक व्हतं, एकीच्या हातात भाकर. म्या पुस्तकवाली ठिवली. बरं केलं का वंगाळ केलं, मला आजून कळंना." आणि आत जाऊन दोन लुगडी पिशवीत घालायला लागली. "नेकनूरची पहिली गाडी कितीला हाय?"

"उद्या माझा पेपर आहे. परवा मी घेऊन जाते."

"मला कुणी न्यायला नगं. गाडीत बसवून दे."

"काय सांगशील तिला?"

"ते तुला कशाला? लगीच लिव्हायला बसशील."

सकाळी मी तिला पुढच्या सीटवर बसवलं, वाहकाला सांगितलं, आणि धावत केंद्रावर गेले. त्या दिवशी पुरवण्या बांधताना माझ्या हातून दोरा दोनदा सुटला.

आज सहावा दिवस. माय परत आलेली नाही. रोज संध्याकाळी मी फोन करते, आक्का उचलते. "हाय. जेवली. झोपली," एवढं बोलून ठेवते. काल मी धीर करून विचारलं, "आक्का, बोलता का गं दोघी? काय म्हणाली ती?"

"बोलायचं काय. पेंढ्या बांधायलोत."

"ह्या वयात? जमतात तिला?"

आक्का फोन घेऊन बाजूला गेली असावी, आवाज बारीक झाला.

"सैल बांधती," आक्का म्हणाली. "तिची नजर चुकवून म्या पुन्ना बांधते."